कार्बनचं ब्लेड घ्यावं की सात प्लाय लाकडावरच थांबावं? (टेबल टेनिस)

संध्याकाळचा_सव्वासात

राम राम मंडळी. क्रीडा विभागात क्रिकेट सोडून काही टाकलं तर कुणी वाचतं का, तेही यानिमित्ताने कळेल.

वय 41, मुक्काम इंदिरानगर. कॉलेजात असताना बऱ्यापैकी खेळायचो, पुढे नोकरी, लग्न आणि पोट या क्रमाने खेळ सुटला. आता सोसायटीच्या हॉलमध्ये बहुतेक संध्याकाळी जमतो. हातात यासाका स्वीडन एक्स्ट्रा हे ब्लेड (रबराखालची लाकडी पाटी) आहे, पाच प्लाय म्हणजे पाच थर, सगळं लाकूड. खेळ म्हणाल तर फोरहँड टॉपस्पिन हे मुख्य हत्यार, बॅकहँडला ब्लॉक आणि देवाचा धावा.

अडचण अशी की टेबलापासून जरा मागे गेलो की माझा लूप (तोच टॉपस्पिन) समोरचा आरामात ब्लॉक करतो. चेंडूत दमच राहत नाही. म्हणून ब्लेड बदलायचं मनात आहे. डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत:

विस्कारिया किंवा टिमो बोल एएलसी, म्हणजे कार्बन वरच्या थराखाली. नाहीतर इनरफोर्स लेयर एएलसी किंवा डीएचएसचं हरिकेन 301, म्हणजे कार्बन आत, गाभ्याला लागून. नाहीतर सरळ स्टिगा क्लिपर, सात प्लाय, कार्बन नाहीच.

नाशिकमध्ये हातात धरून बघायला मिळणं कठीण. दुकानात गेलो तर तयार बॅट दाखवतात आणि वर "साहेब, ही फाइव्ह स्टार आहे" म्हणतात. ज्यांनी हे वापरलंय त्यांनी लिहा.

मिसळीवर_तर्री

पहिला! लाकूडतोड्या येईलच आता. जागा पकडून बसलोय.

लाकूडतोड्या

आलो.

सव्वासात भाऊ, लूप परत येतोय तो ब्लेडमुळे नाही, पायांमुळे. मागे गेल्यावर चेंडू खाली येईपर्यंत थांबत असणार तुम्ही. 41 व्या वर्षी सगळे थांबतात, मीही थांबतो. त्यावर पाच आकडी रक्कम ओतून काय होणार?

आपल्या पातळीला पॉइंट जातात ते लूपमध्ये नाही. सर्व्हिस परत करताना चेंडू उडतो, पुश (कापून हळूच परत केलेला चेंडू) लांब पडतो, आणि समोरचा त्यावर बसतो. तिथे कार्बन मदत करत नाही, उलट आगीत तेल. स्वीडनच्या वाल्डनरने 1992 ला बार्सिलोनात सुवर्ण काढलं ते हाताच्या जोरावर. क्लिपर घ्या, उरलेल्या पैशात चांगली रबरं घ्या.

सातपूर_एफआरपी

लाकूडतोड्यांचं निम्मं बरोबर आहे. कुठलं निम्मं ते शेवटी सांगतो.

माझं पोट कंपोझिटवर चालतं (एमआयडीसीत फायबरचे पॅनेल बनवतो), त्यामुळे "कार्बन म्हणजे वेग" असं कुणी ठोकून दिलं की हात शिवशिवतात. वेग कार्बनमधून येत नाही. कार्बनमुळे पाटी कमी वाकते. पाटी वाकली की चेंडूची थोडी ताकद तिला वाकवण्यात आणि थरथरवण्यात जाते. ती कमी गेली की उरलेली चेंडूला परत मिळते. गोष्ट एवढीच.

आता आत-बाहेरचा फरक. वाकताना पाटीचा मधला भाग जवळजवळ काहीच करत नाही, सगळा ताण बाहेरच्या थरांवर येतो. कडक थर मध्यापासून जितका लांब, तितका त्याचा ताठपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. समजा बाहेरच्या रचनेत कार्बन मध्यापासून 2.3 मिमीवर आहे आणि आतल्या रचनेत 1.6 वर. वर्ग काढा: 5.3 आणि 2.6. म्हणजे कार्बनचं तेच कापड, तेवढंच कापड, पण जागा बदलली की त्याचं काम निम्म्यावर. इनरफोर्स मऊ वाटतं ते यामुळे. हळू फटक्यात चेंडूला वरचं लाकूडच भेटतं, जोरात मारलं की पाटी खोलवर दबते आणि मग कार्बन जागा होतो.

एएलसी म्हणजे नुसता कार्बन नव्हे. कार्बनच्या धाग्यात ॲरिलेट विणलेलं असतं. ते कंप खातं, म्हणून शुद्ध कार्बनसारखी हाताला झिणझिणी येत नाही. झेडएलसीमध्ये ॲरिलेटच्या जागी झायलॉन, ते आणखी ताठ. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

वरचं लाकूडही बघा. विस्कारियाला आणि टिमो बोलला वर कोटो, कडक. इनरफोर्सला वर लिंबा, मऊ. हिनोकी असेल तर ते वेगळंच प्रकरण, चेंडू आधी बुडतो आणि मग सुटतो. त्यामुळे दोन ब्लेडांची तुलना करताना "हेही कार्बन, तेही कार्बन" एवढ्यावर काहीच कळत नाही. वरचं लाकूड, कापड कोणतं आणि कुठे बसवलंय, एकूण जाडी किती, हे चारही विचारा.

लाकूडतोड्यांचं बरोबर असलेलं निम्मं: सर्व्हिस परत करणं. त्यावर वाद नाही.

मिसळीवर_तर्री

अंतराचा वर्ग! दहावीनंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडून वर्ग काढून घेतला.

नोटप्रेस_रिटायर्ड

आमच्या नाशिकरोडच्या कँटीनशेजारी टेबल होतं, तेव्हापासून खेळतोय. एक मजा सांगतो. नियम असा आहे की ब्लेडच्या जाडीपैकी निदान 85 टक्के नैसर्गिक लाकूडच पाहिजे. चिकटवणीच्या थरात कार्बन, काच यांचे धागे किंवा दाबलेला कागद चालतो. कागद! उभा जन्म कागदावर शाई चढताना बघण्यात गेला आणि बॅटमध्येही तो कायदेशीर निघाला. फक्त त्यावर गांधीजी छापता येत नाहीत.

थट्टा पुरे. कार्बन एवढा का पसरला, ते पोरांना माहीत नसतं म्हणून लिहितो. आमच्या वेळी चेंडू 38 मिमीचा आणि गेम 21 चा. सामन्याआधी रबराला स्पीड ग्लू लावायचा, स्पंज फुगायचा, बॅट फटाक्यासारखी वाजायची. हॉलमध्ये शिरलं की त्या वासाने डोकं जड व्हायचं. लाकडी ब्लेडवरही चेंडू गोळीसारखा जायचा. मग 2000 साली चेंडू 40 मिमीचा झाला, 2001 मध्ये गेम 11 वर आला, 2008 मध्ये ते ग्लू बंद झालं आणि 2014 पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा चेंडू आला. चेंडू आणि ग्लूच्या प्रत्येक बदलात वेग आणि फिरकी थोडी थोडी कापली गेली. गेलेला वेग लोक कुठून तरी भरून काढणारच.

विस्कारिया मात्र त्याच्याही आधीचं, 1993 चं. हे सगळं झाल्यावर त्याचे दिवस खरे फिरले. चीनचा झांग जिके ते घेऊन 2012 चं लंडन ऑलिंपिक जिंकला आणि मग गल्लीबोळात विस्कारिया.

लाकूडतोड्या

काका, झांग जिके रोज किती तास सराव करायचा ते पण लिहा की.

नोटप्रेस_रिटायर्ड

तू लिही. माझा चहा आलाय.

पिंपल्सवाली_ताई

सगळे आक्रमक खेळाडूच जमलेत वाटतं. आम्हालाही मोजा जरा.

माझ्या बॅकहँडला लांब पिंपल्स आहेत, म्हणजे वर लांब दाणे असलेलं रबर. कार्बन ब्लेडवर लावून बघितले. ब्लॉक केलेला चेंडू नेटजवळ मरायला हवा, तो सरळ टेबलाच्या टोकाला जाऊन पडायला लागला. वरचा थर ताठ असला की चेंडू पिंपल्सवर टेकतो न टेकतो तोच निघून जातो, पिंपल्सना वाकायला वेळच मिळत नाही. परत पाच प्लायवर आले आणि हॉलमधल्या पुरुषमंडळींची झोप पुन्हा उडाली.

तेव्हा सव्वासात, "कोणतं ब्लेड" विचारण्याआधी रबरं कोणती ते लिहा. त्याशिवाय ही चर्चा हवेत आहे.

संध्याकाळचा_सव्वासात

ताई, राहिलंच. फोरहँडला हरिकेन 3, बॅकहँडला मार्क व्ही. आणि काका, कागदावरून घरात इतका हसलो की बायकोने येऊन फोन बघितला.

देवळालीचा_वारा

धाग्यात घुसतोय, माफ करा. मुलगी दहा वर्षांची. आत्ता कुठे फोरहँड ड्राइव्ह बसायला लागलाय आणि सर म्हणतात कार्बन घ्या, "आता सगळीच मुलं वापरतात". काय करू?

लाकूडतोड्या

नका घेऊ. आणि सरांना विचारा की ब्लेड त्यांच्याकडूनच घ्यायचंय का.

सातपूर_एफआरपी

दुसरं वाक्य नको होतं. प्रत्येक सरांना त्याच मापाने मोजू नये. पहिल्या वाक्याला मात्र अनुमोदन. त्या वयात मनगट आणि खांदा फटका शिकत असतात. ताठ ब्लेडवर अर्ध्या स्विंगमध्येही चेंडू पलीकडे जातो, म्हणून मूल स्विंग पूर्ण करतच नाही. लवचीक पाच प्लायवर पूर्ण फिरवल्याशिवाय चेंडू जातच नाही.

पिंपल्सवाली_ताई

आणि वजन! दहा वर्षांच्या हातात 190 ग्रॅमची बॅट देऊ नका. पातळ स्पंजची हलकी रबरं लावा. बाकी सरांशी भांडू नका, मुलगी त्यांच्याकडेच शिकणार आहे. "वर्षभराने घेऊ" म्हणा, वर्षभराने ते विसरतील.

देवळालीचा_वारा

हे शेवटचं एकदम पटलं. 🙏

पिंपळगावचा_द्राक्षवाला

खरड छाटणी उरकली, आता मी मोकळा. ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत रोज हॉलवर.

नकली मालाबद्दल कुणी बोललंच नाही. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून विस्कारिया मागवलं, बाजारभावाच्या निम्म्यात. डबा अगदी झकास. पण ब्लेड हातात घेतलं तर मुठीवरची चकती किंचित तिरकी, आणि कडेने बघितलं तर फायबरचा थर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला रेषेसारखा पातळ. वजन केलं तर 97 ग्रॅम. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. आता त्या ब्लेडने धाकटा कॅरमच्या सोंगट्या गोळा करतो.

घ्यायचं तर ओळखीच्या माणसाकडून घ्या, बिल घ्या, आणि पाठवण्याआधी काट्यावर ठेवून फोटो मागा.

सातपूर_एफआरपी

काट्याचा मुद्दा सोन्याचा. लाकूड हे लाकूड असतं, कारखान्यातून एकाच मॉडेलची दोन ब्लेडं सारखी निघत नाहीत. एक 84 ग्रॅमचं, दुसरं 92 चं. साधारण जड असेल ते जास्त ताठ. चेंडू ब्लेडवर टिपटिप करून आवाज ऐका, जितका चढा तितकं ताठ. फोनवर कंपनसंख्या मोजणारी ॲप मिळतात, पण कानही पुरतो.

पॅरिस 2024 आठवतं ना? वांग चुचिनने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं आणि फोटोवाल्यांच्या गर्दीत त्याची बॅट मोडली. दुसऱ्या दिवशी जादा बॅट घेऊन उतरला आणि बत्तीसच्या फेरीत ट्रुल्स मोरेगार्डकडून हरला. जगातल्या पहिल्या क्रमांकाची ही गत. बॅटमुळेच हरला असं मी म्हणणार नाही, मोरेगार्ड पुढे थेट अंतिम फेरीपर्यंत गेला. पण जादा बॅटसुद्धा त्याने स्वतः निवडलेलीच असणार ना?

मिसळीवर_तर्री

आणि मोरेगार्डची बॅट षटकोनी! स्टिगाची ती सायबरशेप. आमच्या हॉलमध्ये एकाने लगेच घेतली. चेंडू कोपऱ्याला लागला की म्हणतो "आकाराचा दोष".

लाकूडतोड्या

अवांतर वाढतंय. मूळ प्रश्नावर या. सव्वासातला मागे जाऊन लूप मारायचाय आणि फोरहँडला हरिकेन 3 आहे. ते रबर चिकट, स्पंज कडक, स्वतःहून चेंडू फेकत नाही. त्याखाली सात प्लाय जड लाकूड हवं. माझा मुद्दा कायम.

सातपूर_एफआरपी

उलट! चिनी रबर संथ असतं म्हणूनच त्याखाली फायबर आलं. चीनच्या मा लाँगच्या नावाचं हरिकेन लाँग 5 ब्लेड बघा, आतला एएलसी. सात प्लायला हवा तो वेग मिळतो हे मान्य, पण तेवढ्यासाठी जाडी आणि वजन वाढवावं लागतं. हरिकेन 3 चा कापलेला तुकडाच 50 ग्रॅमच्या आसपास जातो. त्यावर जड क्लिपर, म्हणजे चाळिशीतल्या खांद्याला आमंत्रण.

लाकूडतोड्या

खांद्याचं मी मघाशीच म्हणालो होतो.

सातपूर_एफआरपी

तुम्ही पायांचं म्हणाला होता.

मिसळीवर_तर्री

😂 धागा वसूल.

पिंपल्सवाली_ताई

दोघांनाही एक सुचवते. सव्वासातला तिन्ही ब्लेडं एकाच संध्याकाळी हातात द्या. आपल्या गावात तिन्हीचे मालक आहेत की. आणि टॉपस्पिन मारून बघू नका, त्यात प्रत्येकालाच नवं ब्लेड आवडतं. आखूड चेंडूवर बघा.

पिंपळगावचा_द्राक्षवाला

पावसाच्या आत करा मात्र. एकदा जून उजाडला की पत्र्याच्या हॉलमध्ये रबरावर दमट थर बसतो, चिकट चिनी रबर तर पार घसरतं. मग ब्लेडला शिव्या घालाल. माझ्या लाकडी ब्लेडला वार्निशचा हात नव्हता, पावसाळ्यात ते जड आणि मंद वाटायला लागलं होतं.

नोटप्रेस_रिटायर्ड

वार्निशवरून आठवलं. रबरं काढून दुसऱ्या ब्लेडवर लावणार असाल तर लिंबा लाकडाचा वरचा थर सांभाळा. रबर ओढताना त्याच्या काड्या निघतात. आधी पातळ हात मारून वाळवा. रबर मुठीकडून, तिरकं आणि हळू सोलायचं. कोटो एवढा त्रास देत नाही.

संध्याकाळचा_सव्वासात

मंडळी, ताईंनी सांगितलं तसं केलं. पिंपळगावच्या भाऊंच्या ओळखीतून टिमो बोल एएलसी मिळालं, सातपूरकरांनी स्वतःचं इनरफोर्स आणलं, आणि लाकूडतोड्यांनी क्लिपर. (होय, ते प्रत्यक्षात फार गोड माणूस आहेत. फोटो टाकू नका म्हणाले.) सातपूरकरांचा हट्ट होता की रबरं तीच हवीत, त्यामुळे माझीच जोडी सोलून प्रत्येकावर लावली. ग्लू वाळेपर्यंत चहा, परत ग्लू, परत चहा.

नेटजवळ सकाळचा पेपर चौघडी करून ठेवला. समोरून लाकूडतोड्या आखूड बॅकस्पिन सर्व्हिस करणार आणि मी पुश त्या पेपरवर टाकायचा. क्लिपरवर चेंडू पेपरवर किंवा जरा पुढे, बरा पडत होता. टिमो बोलवर तोच हात, तोच कोन, पण चेंडू एक वीत पुढे आणि थोडा उंच. हात सैल ठेवला की जमायचं, पण सव्वासहाला ऑफिसमधून आलेला माणूस हात सैल ठेवत नाही. इनरफोर्सवर चेंडू क्लिपरइतकाच आखूड पडला, हे मला अपेक्षित नव्हतं.

मग मागे जाऊन लूप. टिमो बोल सरस, वादच नाही. ब्लॉक करणाऱ्या सातपूरकरांची बॅट मागे ढकलली जात होती. इनरफोर्स त्याच्या थोडंच मागे. क्लिपरवर वेग मिळाला, पण दोन-तीन गेमनंतर खांदा बोलायला लागला.

सर्वांत गंमत बॅकहँड ब्लॉकची. टिमो बोलवर नुसती बॅट धरली की चेंडू जात होता, देवाचा धावा करावाच लागला नाही. त्यावर मन जरा डळमळलं. पण पेपर आठवला.

तेव्हा आतलं कार्बन. इनरफोर्स की 301, हे खिसा ठरवेल.

लाकूडतोड्या

पेपरवर क्लिपर आणि इनरफोर्स बरोबरीत. म्हणजे लाकूड हरलं नाही, एवढं नोंदवून ठेवा.

आणि बॅकहँडला मार्क व्हीच ठेवा. तिथे चिनी रबर लावलं की ब्लॉकसाठी पुन्हा कष्ट.

सातपूर_एफआरपी

नोंदवलं. 😀

सव्वासात, 301 घेणार असाल तर वजन विचारूनच घ्या. तुमच्या हरिकेनच्या तुकड्यासकट सगळं 185 च्या आत बसायला हवं. ब्लेड 86-87 च्या पुढचं घेऊ नका. मूठ कोणती, सरळ की पसरट?

संध्याकाळचा_सव्वासात

पसरट. सरळ मूठ धरली की सर्व्हिसला बोटं चुकतात.

नोटप्रेस_रिटायर्ड

तुमचा तो हॉल नक्की कुठे? वडाळा पाथर्डी रस्त्याला की राजीव नगरच्या बाजूला? मी नाशिकरोडहून येईन म्हणतो. ज्येष्ठ नागरिकाला आधी टेबल मिळतं का?

संध्याकाळचा_सव्वासात

मिळतं काका. पण हरलात तर पुढच्या गेमला पंच व्हावं लागतं, तो नियम सगळ्यांना. पत्ता व्यनि (खासगी निरोप) केलाय.

मिसळीवर_तर्री

काकांना बॅट तपासून आत घ्या. कागद निघेल.

देवळालीचा_वारा

मुलीला पाच प्लाय सांगितलंत, पण कोणतं ते राहिलंच. सव्वासात, तुमचं स्वीडन एक्स्ट्रा आता रिकामं होणार ना? देणार असाल तर किंमत सांगा, रविवारी घ्यायला येतो.

संध्याकाळचा_सव्वासात

मूठ मोठ्या हाताची आहे, आधी तिला धरून बघू द्या. रविवारी तिलाच घेऊन या. किंमतीचं मग बोलू.